साडेदहाचं ड्रिल

आधी वास येतो, भाजल्या लाकडाचा,
मग चिरका आवाज, मग भोकातून धूर,
आणि मी तरीही फिरवतच राहतो लेथचं चाक
जसं काही जोर म्हणजेच धार.

सुमतीअक्का चौगुल्यांच्या आईचं लाटणं होतं ते.
शिसवीचं, पोटाशी झिजलेलं.
"धाकटीला पेन कर यातनं," म्हणाल्या,
"चपाती तिला येत नाही. नको येऊ दे."
दोन तुकडे केले. एक नळीला, एक टोपणाला.
नळीचा गेला.
तडा आरपार, आतून काळा ठिक्कर,
निखाऱ्यावर विसरलेल्या कणसासारखा.

सुट्टीचा वार. कुपवाडच्या एमआयडीसीत शटरं पडलेली,
एका टपरीवर एकच कुत्रं.
पत्र्याच्या खोलीत दस्तगीर शिकलगार,
एक ग्राइंडर, एक पिवळा बल्ब,
तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
"आजा कात्र्या पाजळायचा, गणपती पेठेत.
त्याचा आजा तलवारी, म्हणत्यात.
आमच्या वाट्याला ड्रिल."

ड्रिल घेतलं, अंगठ्याच्या नखावर टेकवलं.
घसरलं.
"हे कापत नव्हतं रे. भांडत होतं."

मग बल्बाखाली, चष्मा कपाळावर ढकलून:
"ह्याला दोन ओठ असत्यात.
एक लांब, एक तोकडा झाला
की भोक पडतंय, पण खोटं पडतंय.
साडेदहाचं अकरा.
आन् ओठामागं ही टाच.
ती खाली बसली पायजे.
टाच वर ऱ्हायली तर ओठ लाकडाला टेकतच न्हाई,
नुसतं फिरतंय, तापतंय,
माणसागत."

खिशातून दोन नट काढले, षट्‌कोनी,
एकमेकांना चिकटवून धरले,
मध्ये पडलेल्या खाचेत टोक बसवून
उजेडाकडं बघितलं.
फट होती. एकाच बाजूला, केसाएवढी.
"ही खाच एकशे वीस. पायजे एकशे अठरा.
दोन अंशाला कोण इचारतंय.
मापायचं साधन कंपनीत होतं, ते कंपनीचंच ऱ्हायलं.
नट माझे."

कोपरं बरगडीला टेकवून उभं राहायचं.
टोक वर न्यायचं नाही, शेपूट खाली आणायची,
मनगट वळतंय न वळतंय,
श्वास सोडत.
माझ्या हातून पहिल्यांदा ओठच गेला.
दुसऱ्यांदा टाच राहिली.
तिसऱ्यांदा टोक निळं पडलं
आणि मी घाबरून पाण्याकडं धावलो.
"बुडवू नगंस, तडकंल. हे पोलाद सोसतंय.
तुझी बोटं सोसत न्हाईत एवढंच."

ड्रिल पेरभर बुटकं झालं
तेव्हा कुठे दोन्ही ओठ सारखे आले.
पैसे विचारले तर म्हणाले,
"धार तू लावलीस. मला कशाचे?"
आणि चहा मात्र माझ्याकडून दोन वेळा प्याले.

रात्री हरिपूर रस्त्यावरच्या माझ्या पडवीत
टोपणाचा तुकडा लावला.
हात चाकावर, जोर नाहीच.
दोन्ही खाचांतून दोन सालं निघाली,
जोडीनं, वळत वळत, तपकिरी,
आणि धूर नाही.
वास आला खरा, पण निराळा,
खोल मुरलेल्या तेलाचा.
मी लेथ बंद करून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

नळी शेवटी काळ्या एबोनाइटची केली.
अक्कांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
"दुसरा तुकडा?"
करपलेला दिला, कागदात गुंडाळलेला.
म्हटलं, धार नव्हती. माझी चूक.
त्यांनी नाकाशी धरला.
"पहिली चपाती करपतीच," म्हणाल्या
आणि तोही पिशवीत टाकला.

मी हार्डवेअरवाल्याकडून दोन नट घेतलेत.
शर्टाच्या खिशात वाजत असतात.
काल रिक्षावाल्यानं सुट्टे समजून
हात पुढं केला.